पाठीवरचे चौकोन

"हात लावू नको. लांबनं बघ."

पोपटने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते आणि कमळाकर अर्धं पाऊल पुढे सरकला की तो ते मागे ओढत होता. कंपनीचा दवाखाना म्हणजे एक खोली. टेबलाच्या अलीकडे कामगार, पलीकडे मलमपट्टी करणारा ड्रेसर, मध्ये स्पिरिटची बाटली आणि कापसाचा डबा. कमळाकर पंधरा वर्षं त्या पलीकडच्या बाजूला उभा होता.

त्याने लांबूनच पाहिलं. मनगटांपासून वर चार-चार बोटं कातडी लाल, सुजलेली, बारीक पाणीदार पुळ्यांनी भरलेली. बोटांच्या बेचक्यांत भेगा. तळहात जवळजवळ स्वच्छ. पापण्याही फुगलेल्या. लाली वर जिथे संपत होती तिथे सरळ रेषा होती, दोन्ही हातांवर एकाच उंचीला. हातमोज्याची कड जिथे येते तिथेच.

आणि डाव्या हातावर, त्या लालीच्या मधोमध, दोन काळे ठिपके. वाटाण्याएवढे. प्रत्येकाभोवती मोठ्या फोडांचं कडं.

"हे ठिपके कसले?"

"तुला म्हाईत नाय? तू तर बिब्बेवाला."

तेवढ्यात डॉ. गुप्ते आत आले. ते आठवड्यातून तीन दिवस येत, तासभर बसत. त्यांनी पोपटचा डावा हात उजेडाकडे वळवला. पोपटने त्यांना मात्र हात दिला. ठिपके पाहून त्यांनी हात सोडून दिला.

"बिब्बा. कमळाकर, लिही. स्वतः करून घेतलेली इजा."

"सर, पुरळ दोन्ही हातांना आहे. बिब्बा लावणारा एकाच हाताला लावतो."

"पिंपात रसायनाची पूड भरताना मोजे होते ना याच्या हातात?"

"होते."

"मग पूड लागली कशी? पुरळ नेमकं मोज्याच्या आत आहे. वर हातावर काही नाही. ठिपके तुला दिसतायत. आणि बिब्ब्याचा ठिपका कसा ओळखायचा ते गेल्या वर्षी तूच मला शिकवलंस."

ते खरं होतं. गेल्या जुलैत, भाताच्या लावणीच्या दिवसांत, कंपनीने रजा बंद केल्या होत्या. आठवडाभरात तिघेजण हात भाजल्यासारखे घेऊन दवाखान्यात आले. दोघांच्या डाव्या हातावर काळा ठिपका आणि त्यापासून कोपराकडे गेलेला फोडांचा ओघळ होता. सुईवर बिब्बा तापवून तेल टाकलं की थेंब असाच पळतो. कमळाकरने ते ओळखलं, डॉक्टरांना दाखवलं, वहीत लिहिलं. तिसऱ्याच्याही हातावर काळे ठिपके होते. त्यालाही त्याने त्याच ओळीत घातलं. पहिल्या दोघांनी कबूल केलं, माफी लिहून दिली, महिनाभर घरी बसून परत कामाला लागले. तिसरा, गोविंदा, कबूल होईना. त्याला काढून टाकलं.

तेव्हापासून कमळाकरला कंपनीत नाव पडलं, बिब्बेवाला. पेणहून सकाळी सुटणाऱ्या कंपनीच्या गाडीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. माणसं कंपनीपर्यंत दांडा धरून उभी राहत, पण तिथे बसत नसत. एकदा कुणीतरी त्या जागेवर बिब्ब्याचं फळ ठेवलं होतं. कमळाकरने ते खिडकीतून टाकलं आणि हात रुमालाला पुसले.

पोपटला कागद मिळाला. पुढच्या शनिवारी चौकशी, रजेसाठी मुद्दाम इजा करून घेतल्याबद्दल. साक्षीदार म्हणून खाली कमळाकरचं नाव होतं.

"रजेसाठी?" पोपट गाडीत मागून मोठ्याने म्हणाला. "शिमगा होऊन गेला. शेतात काय हाय आता? ढेकळं. ढेकळांसाठी रजा घेतो मी." लोक हसले. कमळाकरने मागे पाहिलं नाही. पण मुद्दा बरोबर होता.

रविवारी तो पोपटच्या गावी गेला. रोह्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून अर्धा तास चालावं लागलं. पोपटची आई हौसा अंगणात वालाच्या शेंगा काठीने झोडपत होती. पोपट ओट्यावर हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसला होता. कमळाकरला पाहून तो उठून आत गेला.

"कोन?" हौसाने काठी न थांबवता विचारलं.

"दवाखान्यातला कमळाकर. ड्रेसर."

"म्हंजे त्यो बिब्बेवाला."

"हो."

काठी दोनदा जास्त जोराने पडली. वालाचा एक दाणा उडून कमळाकरच्या चपलेवर आला.

"हौसाबाय, पोपटच्या हाताला बिब्बा कोणी लावला?"

"मी लावला. मंगळवारी एक नि गुरुवारी एक. का, गुन्हा हाय?"

"कशासाठी?"

"खाजंसाठी. पंधरा दिस हात भिंतीला घासत व्हता पोर. खाज जाळल्याबिगर मरत नाय. माझ्या सासूनं मला शिकवलं, सगळ्या गावाला मीच लावते. टाचंला, गुडघ्याला, नायट्याला."

"बिब्ब्याने हात आणखी बिघडला."

"मंग तू बरा कर. तुझ्या बाटलीनं तरी काय केलंन?" तिने काठी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. "गोविंदाचा बी असाच बिघडला व्हता. त्याला बी मीच लावला."

कमळाकरने चपलेवरचा दाणा उचलून तिच्या शेंगांत टाकला.

"त्याला बी पयली खाजच झाली. पूड भरायला गेला नि महिन्यात झाली. दोन्ही हातांना. त्यानं सांगितलं नाय तुला? मला म्हनाला, सांगितलं."

सांगितलं होतं. कमळाकरला ते वाक्य शब्दासकट आठवलं. 'खाज व्हती म्हनून हौसाबायनं लावला.' त्या दिवशी गोविंदा तिसरा होता आणि आधीचे दोघे काहीतरी सांगून गेलेच होते. वहीतला कारणाचा रकाना दोन बोटं रुंद होता. कमळाकरने त्यात एक शब्द लिहिला होता.

"बस म्हननार नाय मी तुला," हौसा म्हणाली आणि काठी उचलली.

कमळाकर ओट्याशी गेला आणि दाराच्या आत न बघता बोलू लागला. तरुणपणी तो मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या कातडीच्या विभागात दोन महिने शिकायला होता. कुठल्या वस्तूने कातडी चिडते ते शोधायची एक रीत तिथे होती. संशयाची प्रत्येक वस्तू अगदी थोडी, व्हॅसलिनमध्ये कालवून, कापडाच्या चौकोनावर घ्यायची. चौकोन पाठीवर चिकटवायचे. दोन दिवस पाठ ओली करायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मग सोडायचे. ज्या वस्तूचा दोष असेल त्याच चौकोनाखाली पुरळ उठतं, बाकीच्यांखाली नाही.

 पोपट दारात आला.

"माझ्या पाठीवर लावशील ते आधी तुझ्या पाठीवर लाव. माझ्या हातानं लावीन. नायतर तू काय कालवून आनशील कुनाला ठाव?"

"लाव," कमळाकर म्हणाला. त्याला ते उलट बरंच वाटलं. पूड न भरणाऱ्या माणसाची एक पाठ शेजारी हवीच होती. तिच्यावर काही उठलं नाही, तर पुडीने सगळ्यांनाच भाजतं असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याचं दार लोटून दोघांनी सदरे काढले. आठ चौकोन, चार-चार. पहिल्यावर नुसतं व्हॅसलिन. दुसऱ्यावर कंपनीत हात धुवायला मिळणारा साबण, पाण्यात बराच पातळ केलेला. तिसऱ्यावर पूड, व्हॅसलिनच्या शंभर भागांत एक भाग. चौथ्यावर पोपटच्या मोज्याचा आतून कापलेला तुकडा. डॉक्टरांना त्याने सकाळीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "हवं ते कर. माझं नाव नको."

पोपटने कमळाकरच्या पाठीवर चिकटपट्टी अंगठ्याने रगडून बसवली, गरजेपेक्षा जास्त दाब देऊन. मग पाठ फिरवून उभा राहिला. त्याच्या पाठीवर घामोळं नव्हतं, व्रण नव्हता. कमळाकरने चौकोन लावले आणि कडेला शाईने खुणा केल्या. हातांसाठी त्याने पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी करून दिलं, त्यात फडकं भिजवून ठेवायला सांगितलं, वरून लावायला मलम दिलं, आणि बिब्बा बंद.

"आईला तू सांग," पोपट म्हणाला.

"तू सांग. ती मला काठी मारेल."

पोपटच्या तोंडाचा एक कोपरा हलला. लगेच त्याने सदरा डोक्यातून घातला.

बुधवारी पोपटने कमळाकरची पट्टी एका हिसक्यात ओढली. अर्धा तास थांबायचं असतं, कारण पट्टीचीच लाली असली तर तेवढ्यात ओसरते. दोघे टेबलाच्या दोन बाजूंना उघड्या अंगाने बसले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. गेल्या वर्षी तिघांना पकडल्यावर मॅनेजरांनी ते दवाखान्याला दिलं होतं.

पोपटच्या पाठीवर पहिला आणि दुसरा चौकोन कोरा होता. तिसऱ्याच्या जागी लाल, उंच, पुळ्यांनी भरलेला चौकोन. चौथ्याच्याही. कडा इतक्या नेमक्या की फूटपट्टीने मोजता आल्या असत्या. कमळाकरने मोजल्या.

"आता फिर," पोपट म्हणाला. कमळाकर फिरला. 

"तुला बी हाय."

"काय?"

"तिसरा. नि चौथा. तुला बी हाय, भडव्या."

कमळाकरने दाढीचा आरसा हातात घेतला आणि कपाटाच्या काचेकडे पाठ केली. लाल चौकोन दोन होते, फिके, पण त्यावर पुळ्या होत्या.

"आता तू बी बिब्बा लावलास असं लिवतील," पोपट म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच मजा होती.

कमळाकरने स्वतःची मनगटं टेबलावर ठेवली. कातडी तिथे वर्षभर खरखरीत होती, मधूनमधून लाल व्हायची, खाजायची. तो जंतुनाशकाला दोष देत आला होता. रोज वीस-वीस जखमा बांधताना तो रबरी मोजे घालायचा. पूड भरण्याच्या खात्यात तो कधी गेला नव्हता, पण ती पूड कशासाठी बनते हे प्रत्येक पिंपावर छापलेलं होतं. कच्चं रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून ती त्यात घालतात. म्हणजे ती मोज्यातही होती. पोपटची कातडी आधी पुडीने चिडली, मग तिच्यापासून वाचायला घातलेल्या मोज्याने दिवसभर चिडत राहिली. पुरळ नेमकं मोज्याच्या आत होतं ते म्हणूनच. कमळाकरची मनगटं नुसत्या मोज्याने चिडली होती.

फक्त आता तुलनेला कोरी पाठ उरली नव्हती.

"मागच्या लावणीपासून आपल्या दारात हळदीकुंकवाला कुणी येत नाही," त्याची बायको वत्सला म्हणाली. ती पेणच्या घरात भाकरी थापत होती आणि थापता थापताच बोलत होती. "त्यांच्या बायका बाजारात मला बघून तोंड फिरवतात. आणि त्यांच्यासाठी मी पाठ देऊ?"

"तू मोजे घालत नाहीस. पूड बघितलेली नाहीस. मला अशीच पाठ हवी."

"माझ्यावर उठलं तर?"

"तर माझं म्हणणं खोटं. पोपट जाईल."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, खाली उतरवली, हात धुतले आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. दोन रात्री ती पालथी झोपली. शुक्रवारी संध्याकाळी त्याने पट्ट्या सोडल्या, अर्धा तास थांबला आणि दिवा जवळ ओढून पाहिलं. चारही जागा कोऱ्या होत्या.

"नाही ना काही?" तिने विचारलं.

"नाही."

तिने पदर सारखा केला. "मग ऐका. उद्या गोविंदाचं नाव काढू नका."

"त्याचंही हेच होतं, वत्सला. त्याने मला सांगितलं होतं."

"कळलं मला. पण तुम्ही म्हणालात की गेल्या वर्षी माझं चुकलं, तर ते म्हणतील मग यंदाही चुकत असेल. तुमच्या शब्दावर तो पोपट उभा आहे. शब्दच कच्चा निघाला तर तोही पडेल. गोविंदाला काय परत घेणार आहेत?"

तो रात्रभर त्यावर विचार करत राहिला असं नाही. त्याला झोप लागली. सकाळी गाडीत मात्र त्याला कळलं की तिच्या म्हणण्यात त्याला एकही चूक सापडलेली नाही.

चौकशी मॅनेजरांच्या खोलीत होती. मॅनेजर टेबलामागे, डॉ. गुप्ते बाजूच्या खुर्चीत, पोपट भिंतीशी उभा. कमळाकरने तीन कागद ठेवले. तीन पाठींच्या आकृत्या, प्रत्येक चौकोनाचं माप, वेळ, तारीख. बिब्बा आईने खाजेवर उपाय म्हणून लावला हेही त्याने सांगितलं.

"तुमच्यावरही उठलं," डॉक्टर म्हणाले. एरवी ते त्याला अरेतुरे करत. "म्हणजे ती पूड कुणालाही भाजते. यात निदान कसलं?"

"तिसऱ्या पाठीवर उठलं नाही, सर. भाजलं असतं तर तिथेही उठलं असतं. ज्याची कातडी आधी या पुडीला चिडलेली आहे त्याच्यावरच उठतं."

"तिसरी पाठ कुणाची?"

"माझ्या बायकोची."

मॅनेजर हसले. "बायकोची पाठ आम्ही फायलीला लावायची?" डॉक्टरही हसले. पोपट हसला नाही. तो कमळाकरकडे बघत होता.

"तिला कातडीच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवा. पोपटलाही पाठवा, मलाही. हेच चौकोन पुन्हा लावायला सांगा."

मॅनेजरांचं हसू थांबलं. बाहेरच्या डॉक्टरचा कागद त्यांना नको होता, हे त्यांनी आकृत्या ज्या तऱ्हेने एकावर एक नीट रचल्या त्यावरून दिसलं. त्यांनी गेल्या वर्षीची वही उघडली.

"तुमचा डोळा चांगला आहे, यात वाद नाही. तिघांना तुम्हीच ओळखलं होतंत. त्यावेळी तुमची काही चूक झाली होती?"

खोलीत पंखा फिरत होता. वहीच्या पानाची एक कड वर उचलली जात होती आणि पुन्हा बसत होती. त्या पानावर तीन नावं होती आणि तिसऱ्यापुढे कमळाकरच्या अक्षरात एक शब्द.

"नाही," कमळाकर म्हणाला.

"मग यंदाही तुमचं धरतो." मॅनेजरांनी वही मिटली. पोपटला समज देऊन सोडलं. त्याला पुडीच्या खात्यातून काढून कोठारात टाकलं, रबराऐवजी सुती मोजे दिले. तीन आठवड्यांत त्याचे हात कोरडे झाले, खपल्या धरल्या, खाली गुलाबी कातडी आली.

गाडीत कमळाकरच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. एका सकाळी फाट्यावर चढून पोपट पुढे आला, तिथे बसला नाही, दांडा धरून वाकला आणि हळू बोलला.

"मी ऐकलं तू काय म्हनालास. मी भिंतीशीच व्हतो."

"मी खरं बोललो असतो तर तू गेला असतास."

"म्हाईत हाय. म्हनून गप ऱ्हायलो. मी बी." तो सरळ झाला. "आई विचारते, बिब्बेवाला गोविंदाला तरी जाऊन भेटला का."

पुढच्या रविवारी कमळाकर धरमतरच्या खाडीवर गेला. ओहोटी लागत होती. बार्जमधून रेती उतरत होती. आठ-दहा माणसं घमेली डोक्यावर घेऊन फळीवरून येत आणि ढीग करत. गोविंदा त्यांत होता. त्याने कमळाकरला लांबूनच ओळखलं, पण घमेलं रिकामं करून परत गेला. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला तो समोर थांबला.

"काय ओळखायला आलास?"

"तुझा बिब्बा हौसाबायने लावला होता. खाजेवर."

"मंग? हे मी तुला तेव्हाच सांगितलं व्हतं."

"हो. मी लिहिलं नाही."

गोविंदाने उजव्या हाताने डाव्या बाहीवरची ओली रेती झटकली आणि हात पुढे केला. कातडी उन्हाने काळपट झालेली, पण सपाट, स्वच्छ. बेचक्यांत भेग नव्हती. मनगटाच्या वर दोन फिकट वण होते.

"कंपनी सुटली नि दीड महिन्यात गेलं. एक थेंब औषध नाय." त्याचं लक्ष कमळाकरच्या मनगटाकडे गेलं. "तुला बी?"

"मलाही."

"हौसाबायकडं जा. जाळंल ती."

फळीवरून येणारा एकजण हसला. कमळाकरने खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी लिहून आणलंय. तुझं कसं झालं होतं, मी काय लिहायला हवं होतं, ते. आणि चौकशीत परत खोटं बोललो तेही. खाली सही आहे. तुला हवा तिथे दे. मॅनेजरला, कोर्टात."

"नि मंग तू?"

"माझं मी बघेन."

"नि पोपट?"

 गोविंदाने कागद घेतला नाही. त्याने घमेलं जमिनीवर पालथं घातलं आणि वणांचा हात पुन्हा पुढे धरला. मागची माणसं फळीवर अडली आणि तशीच उभी राहिली.

"मला वाचता येत नाय," तो म्हणाला. "वाच. पयल्यापासून. मोठ्यानं, ह्यांना ऐकू जाऊ दे."

खाडीवरून वारा येत होता, म्हणून कमळाकरने कागद दोन्ही हातांनी ताणून धरला. त्याने आधी तारीख वाचली, मग स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा.   माणसांच्या डोक्यावरच्या घमेल्यांतून पाणी ठिबकत होतं.

तो शेवटच्या सहीपर्यंत येईपर्यंत गोविंदाने पुढे केलेला हात खाली घेतला नाही.